तापमान पाण्याचं की लॉगरचं? एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली माणसं, बेट आणि उपकरण बनवणारी कंपनी यांची नावं काढून टाकली आहेत. मी या प्रकल्पात आकडेवारी सांभाळत होतो. त्यामुळे खाली जिथे 'आमची चूक' असं लिहिलंय, तिथे बऱ्याचदा ती माझीच आहे.

पार्श्वभूमी

उष्ण कटिबंधातलं एक छोटं बेट आणि त्याला लागून प्रवाळभित्ती. तिचे दोन भाग इथे महत्त्वाचे आहेत. किनाऱ्यालगत उथळ, सपाट पट्टा, जिथे ओहोटीला जेमतेम मीटरभर पाणी उरतं. आणि त्यापलीकडे खोल समुद्राकडे उतरत जाणारी बाजू. सगळा भाग संरक्षित आहे. सपाट पट्ट्यावर पर्यटकांना तोंडाला नळी लावून पोहत प्रवाळ दाखवणारे गाइड आहेत, आणि तो पट्टा उघडा ठेवायचा की बंद, हे संरक्षित क्षेत्राचं प्रशासन ठरवतं. आमचा गट पाच जणांचा होता: प्रकल्पप्रमुख बाई, दोन डायव्हर, प्रशासनाशी बोलणी करणारी एक सहकारी आणि मी. पाच वर्षं आम्ही तिथे लॉगरने, म्हणजे पाण्याखाली ठेवलेल्या, आपोआप नोंद करणाऱ्या छोट्या उपकरणाने, दर दहा मिनिटांनी पाण्याचं तापमान नोंदवत होतो.

तापमानाचं एवढं काय, तर प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात. प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच बनवतात आणि त्याचा रंगही मुख्यतः त्यांच्यामुळेच असतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. उष्णता वेळेत उतरली तर सावरतो, नाहीतर मरतो.

हा ताण मोजायला समुद्र आणि हवामान यांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेचा कोरल रीफ वॉच विभाग 'डिग्री हीटिंग वीक' हे माप वापरतो, आणि आम्हीही तेच वापरत होतो. प्रत्येक ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी तापमान आधी ठरवलेलं असतं. एखाद्या दिवसाचं तापमान त्याच्या किमान एक अंश वर गेलं, तरच तो दिवस हिशेबात धरायचा. मागच्या बारा आठवड्यांत अशी जितकी जादा उष्णता साठली तिची बेरीज म्हणजे हा आकडा (एक अंश जादा आठवडाभर टिकला तर १). बेरीज ४ झाली की लक्षणीय ब्लीचिंगची शक्यता, ८ झाली की नाजूक जातींचे प्रवाळ मरण्याची शक्यता. 'किमान एक अंश' ही अट लक्षात ठेवा, पुढे ती महागात पडली.

काळही तसाच होता. २०२३ च्या जुलैत फ्लोरिडातल्या मॅनटी बे इथल्या मोजणी केंद्रावर पाण्याचं तापमान ३८.४ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोरल रीफ वॉचला आपल्या इशाऱ्यांच्या जुन्या पातळ्या अपुऱ्या वाटल्या आणि वर आणखी तीन जोडाव्या लागल्या. १५ एप्रिल २०२४ रोजी चौथी जागतिक ब्लीचिंग घटना जाहीर झाली (आधीच्या तीन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ मधल्या). अशा हंगामात मोठा आकडा समोर आला की त्याच्यावर कोणी शंका घेत नाही. आम्हीही घेतली नाही.

नवे लॉगर

आमचे जुने लॉगर बोटभर लांबीचे, अपारदर्शक आणि पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवलेले होते. पाइपला पाणी खेळावं म्हणून भोकं पाडलेली. पाइप का लावला होता हे कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. आमचा समज असा की लाटेत लॉगर दगडावर आपटू नये म्हणून.

त्या वर्षी जुन्या लॉगरच्या बॅटऱ्या एकामागून एक गेल्या. नवे घेताना असं उपकरण निवडलं की जे तापमान आणि प्रकाश दोन्ही मोजतं. कल्पना चांगली होती, कारण ब्लीचिंगमध्ये उष्णतेच्या जोडीला तीव्र प्रकाशाचाही हात असतो. पण प्रकाश मोजायचा तर लॉगर पाइपात ठेवून कसं चालेल? म्हणून पारदर्शक आवरणाचे ते लॉगर लोखंडी सळईला प्लॅस्टिकच्या टायने बांधले, तोंड वर करून, उघडे. बसवतानाचा फोटो डायव्हरने पहिल्याच दिवशी सामायिक फोल्डरमध्ये टाकला होता. फोटोत लॉगरच्या आवरणावर सूर्याची तिरीप चमकते आहे. तो फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता.

जुना आणि नवा लॉगर काही दिवस शेजारी ठेवावा, असं माझ्या मनात आलं होतं. जुने बहुतेक बंद पडलेले, बोट एकाच दिवसासाठी मिळालेली, त्यामुळे ते राहून गेलं.

नऊचा आकडा

दहा आठवड्यांनी नोंदी उतरवल्या. सपाट पट्ट्यावरच्या नोंदींतून डिग्री हीटिंग वीकचा आकडा ९ च्या थोडा वर आला. उपग्रहावरून त्याच जागेचा आकडा ३ च्या आसपास होता. एक माप सांगत होतं की प्रवाळ मरायच्या बेतात आहेत, दुसरं सांगत होतं की अजून जेमतेम ताण सुरू झालाय.

यावर बैठकीत कोणी अडलं नाही, कारण उत्तर तयार होतं. उपग्रहाच्या नकाशातला एक चौकोन पाच किलोमीटरचा. त्यात किनाऱ्यालगतचा शंभर-दोनशे मीटरचा पट्टा वेगळा दिसत नाही. उथळ पाणी दुपारी खोल पाण्यापेक्षा जास्त तापतं हे कोणालाही ठाऊक असतं. म्हणजे लॉगर खरं सांगतोय आणि उपग्रहाला ते दिसत नाही.

दुसरी विसंगती प्रत्यक्ष पट्ट्यावर होती. ९ च्या आकड्याला शोभेल इतकं ब्लीचिंग तिथे नव्हतं. प्रवाळ फिकट पडले होते, पांढरेफटक नाहीत. एका अनुभवी गाइडने प्रशासनाच्या बैठकीत नेमकं हेच विचारलं: "आतले फांद्यांचे प्रवाळ अजून तपकिरी आहेत. पांढरे पडलेत ते बाहेरच्या उतारावरचे. तुम्ही म्हणता आत जास्त तापलंय. मग हे उलटं कसं?"

त्यालाही आमच्याकडे उत्तर होतं. रोज तापून थंड होणाऱ्या उथळ पाण्यातले प्रवाळ उष्णतेला सरावतात. अमेरिकन सामोआतल्या ओफू बेटावर स्टीफन पालुंबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाळ कमी तापणाऱ्या डबक्यातून जास्त तापणाऱ्या डबक्यात हलवले. दोन वर्षांच्या आत त्यांची सहनशक्ती वाढल्याचं त्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. आम्ही गाइडला हे समजावून सांगितलं. त्याने मान हलवली. पटलं म्हणून, की वाद घालण्यात अर्थ नाही म्हणून, हे तेव्हा आम्ही पाहिलं नाही.

या प्रकरणाचा गाभा मला इथेच दिसतो. उपग्रहाला उथळ पट्टा नीट दिसत नाही हे खरं आहे. उथळ पाण्यातले प्रवाळ सरावलेले असतात हेही खरं. दोन्ही कारणं संशोधनातून आलेली, दोन्ही आम्हाला तोंडपाठ. लॉगर उपग्रहाशी जुळत नव्हता, तिथे पहिलं कारण लावलं. प्रवाळ लॉगरशी जुळत नव्हते, तिथे दुसरं लावलं. चुकीचा आकडा दोन खऱ्या कारणांच्या आधाराने उभा राहिला. कारण खोटं असतं तर कोणीतरी नक्कीच अडवलं असतं.

पहिला निर्णय

प्रशासनाला आम्ही लेखी इशारा दिला: सपाट पट्ट्यावर प्रवाळ मरण्याचा धोका आहे, माणसांचा वावर थांबवावा. ताणाखालच्या प्रवाळाला पायाचा धक्का, ढवळलेली वाळू हे जादा ओझं नको, हा त्यामागचा विचार रास्त होता. चार दिवसांत पट्टा बंद झाला. गाइडांचं काम थांबलं.

इशाऱ्यात आम्ही ९ हा एकच आकडा दिला होता. उपग्रहाचा ३ लिहिलाच नाही. "दोन आकडे दिले की ते लोक गोंधळतात," असं बैठकीत कोणीतरी म्हणालं आणि आम्ही माना डोलावल्या.

शंका

शंका आली ती एका पोस्टरमुळे. डायव्हरला शाळकरी मुलांसाठी चित्र हवं होतं: प्रवाळाचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत. तोवर मी फक्त दिवसाच्या सरासरी काढत होतो. दहा आठवड्यांचा आलेख म्हणजे हळूहळू चढत जाणारी गुळगुळीत रेघ. मुलांसाठी एकच दिवस मोठा करून काढला, आणि ती रेघ करवतीच्या दात्यांसारखी निघाली.

दुपारी एकच्या सुमारास वीस मिनिटांत तापमान अंशभराने खाली आलं होतं आणि पुढच्या वीस मिनिटांत पुन्हा वर गेलं होतं. पाण्याचा एवढा मोठा साठा वीस मिनिटांत अंशभर थंड होऊन परत तापत नाही. थंड पाण्याचा लोट आत आला असेल म्हणावं, तर तो इतक्या लवकर कुठे निघून जाईल? मी प्रकाशाचा रकाना त्याच आलेखावर चढवला. दात्याला दाता जुळत होता. ढग सूर्यासमोर आला की प्रकाश घटायचा आणि तापमानही घटायचं.

मग एकेक गोष्ट दिसत गेली. दिवसाची कमाल दुपारी साडेबारा-एकलाच गाठली जात होती. पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे त्याची कमाल दुपार कलल्यावर यायला हवी. पूर्ण ढगाळ असलेल्या तीन दिवसांत तापमानाचा हा दुपारचा फुगवटा जवळजवळ नव्हता. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी आणि पाणी स्थिर असताना, फुगवटा सर्वांत मोठा. उधाणाला वाहतं पाणी असलं की लहान. आणि रात्री लॉगर अगदी शहाण्यासारखा वागत होता.

पारदर्शक आवरणातून आत शिरलेलं ऊन काळसर सर्किटवर पडत होतं आणि तिथे उष्णता होत होती. वाहतं पाणी ती लगेच काढून नेतं, स्थिर पाण्यात ती साचते. आम्ही दहा आठवडे दुपारचं पाणी मोजत नव्हतो, दुपारचा लॉगर मोजत होतो. हवेचं तापमान सावलीत घ्यायचं असतं, हवामान केंद्रातला तापमापक त्यासाठीच पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवतात, हे शाळेपासून माहीत असतं. पाण्याखाली मात्र ते विसरायला होतं, कारण पाणी सगळं थंड ठेवतं असं वाटतं. स्वच्छ पाण्यात मीटरभर खाली ऊन चांगलंच कडक असतं. जुन्या पाइपचं काम आपटण्यापासून वाचवणं नव्हतं. तो पाइप म्हणजे सावली होती.

ज्या प्रकाशाच्या रकान्यासाठी लॉगर उघडा ठेवला, त्यानेच चोरी पकडून दिली. नुसता तापमानाचा उघडा लॉगर असता तर मला वाटतं आम्ही आजही ९ वरच असतो.

लहान चूक इतकी मोठी कशी झाली

दुपारचा फुगवटा स्वच्छ दिवशी दीड-दोन अंशांचा होता, पण तो काही तासांपुरता. चोवीस तासांच्या सरासरीत चूक जेमतेम अर्ध्या अंशाची. मग ३-४ चा आकडा ९ वर कसा गेला?

त्या 'किमान एक अंश' अटीमुळे. समजा पाणी खरोखर ठरलेल्या पातळीच्या ०.६ अंश वर आहे. अटीप्रमाणे हा दिवस मोजायचाच नाही, बेरजेत शून्य. त्यात अर्ध्या अंशाची चूक मिसळली की तो १.१ होतो आणि सगळाच्या सगळा १.१ बेरजेत जातो. असे सहा आठवडे गेले तर बरोबर उत्तर ० आणि आपलं उत्तर ६.६. उंबरठ्याच्या जवळ असताना अर्धा अंशही उडी मारायला पुरतो.

दुसरी चूक याहून जुनी होती, लॉगरशी तिचा संबंध नव्हता. कोरल रीफ वॉच जे तापमान वापरतं ते रात्रीच्या उपग्रह नोंदींवर बेतलेलं असतं, दिवसाच्या उन्हाचा गोंधळ टाळायला. सर्वांत उष्ण महिन्याची पातळीही त्याच मोजपट्टीवर ठरलेली. आम्ही ती रात्रीची पातळी घेतली आणि तिच्याशी चोवीस तासांची लॉगर सरासरी ताडून पाहिली. पाच वर्षं तसंच करत होतो. पाइपातल्या लॉगरमुळे फरक लहान राहायचा, म्हणून लक्षात आलं नाही.

पर्याय

मी आलेख घेऊन प्रकल्पप्रमुखांकडे गेलो तेव्हा पट्टा बंद होऊन अकरा दिवस झाले होते. संध्याकाळी पाचही जण बसलो.

गप्प राहावं असं कोणी उघड म्हटलं नाही, पण त्याचं सभ्य रूप मांडलं गेलं: जगभर ब्लीचिंग चालू आहे, बाहेरचा उतार खरोखर पांढरा पडतोय, पट्टा बंद राहिल्याने प्रवाळाचं काही बिघडत नाही. चूक झाली ती सुरक्षित बाजूला झाली, हंगाम संपल्यावर अहवालात दुरुस्ती करू. ऐकताना मलाही बरं वाटलं, कारण चुकीच्या आकड्यावर सही माझी होती. यावर प्रशासनाशी बोलणारी सहकारी म्हणाली, "सुरक्षित बाजू प्रवाळाची. गाइडांची नाही." पुढच्या हंगामात खरंच ९ आला तर कोण ऐकेल, हा तिचा दुसरा मुद्दा.

इशारा तिथल्या तिथे मागे घ्यावा, हा दुसरा टोकाचा मार्ग. पण खरा आकडा २ आहे की ५, हे अजून माहीत नव्हतं. ५ असेल तर पट्टा उघडणं ही दुसरी चूक ठरली असती.

प्रकाशाच्या नोंदी वापरून चूक वजा करायची, हा माझा आवडता पर्याय होता. जितका प्रकाश तितका फुगवटा, मग सूत्र काढून वजाबाकी का नको? दोन दिवस त्यावर घालवले. पण फुगवटा प्रकाशाइतकाच प्रवाहावरही अवलंबून, आणि प्रवाह आम्ही मोजला नव्हता. शिवाय आठवडे गेले तसं आवरणावर शेवाळ धरलं होतं, त्यामुळे प्रकाशाचा आकडाच खोटा पडू लागला होता. एका चुकलेल्या रकान्याने दुसरा दुरुस्त करायचा होता. सोडून दिलं.

आधी चाचणी, मग पत्र, असंही एक मत होतं. प्रकल्पप्रमुखांनी ते उलटं केलं. "आकडा चुकलाय हे आपल्याला आज कळलंय. किती चुकलाय ते दहा दिवसांनी कळेल. दोन पत्रं पाठवू."

काय केलं

त्याच रात्री तीन वाक्यांचं पत्र गेलं. लॉगर उघड्यावर असल्याने आमचा आकडा फुगलेला आहे. किती, ते तपासतो आहोत. तोवर इशारा मागे घेत नाही, पण ९ हा आकडा कृपया कुठे वापरू नये. प्रशासनाचा अधिकारी वैतागला. "बंद ठेवू की उघडू, एक काय ते सांगा." त्याचं बरोबर होतं, आणि पुढचे नऊ दिवस आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॉगर वर काढून बादलीत घातले. ठेचलेला बर्फ आणि गोडं पाणी, नीट ढवळलेलं, म्हणजे शून्य अंश. मग कोमट पाण्याची दुसरी बादली. दोन्हीकडे सगळे लॉगर संदर्भ तापमापकाशी जुळले. एका डायव्हरने सुटकेचा श्वास टाकला: उपकरणं ठीक आहेत! उपकरणं ठीकच होती. बादलीवर ऊन नव्हतं. आमच्या नियमावलीत नव्या लॉगरसाठी एवढीच चाचणी लिहिलेली होती, आणि ती त्यांनी आधीही उत्तीर्ण केली होती.

खरी चाचणी एकाच सळईवर झाली: एक नवा लॉगर उघडा, एक नवा पाइपात, आणि चालू असलेला एकमेव जुना लॉगर त्याच्या पाइपात. आठवडाभर. रात्री तिघं एकमेकांपासून ०.२ अंशाच्या आत. दुपारी पाइपातले दोघं बरोबर चालत होते आणि उघडा एकटाच वर. उन्हाच्या, स्थिर पाण्याच्या दुपारी फरक दोन अंशांपर्यंत गेला.

मग हिशेब नव्याने मांडला. फक्त रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंतच्या नोंदी घेतल्या. पातळी कोणती धरायची हा पेच होता. आमच्याच पाच वर्षांतल्या उष्ण महिन्यांची सरासरी धरणं सोपं होतं, पण ती पाचही वर्षं आधीच तापलेली. तिच्याशी तुलना केली तर पातळी वर सरकते आणि ताण उगाच कमी दिसतो. म्हणजे एका बाजूची चूक काढून दुसऱ्या बाजूला घातली असती. म्हणून जुन्या पाइपातल्या लॉगरच्या रात्रीच्या नोंदी आणि त्याच रात्रींचं उपग्रह तापमान यांतला सरासरी फरक काढला, आणि उपग्रहाची पातळी तेवढ्याने सरकवली.

उत्तर ४ च्या किंचित वर आलं.

निष्पत्ती

४ म्हणजे काही नाही असं नव्हे. ब्लीचिंग अपेक्षित, सरसकट मरण नाही. प्रवाळ तेच सांगत होते, गाइडही तेच. उपग्रहाच्या ३ शी उरलेला फरक खरोखर उथळपणाचा असू शकतो. आमचं पहिलं कारण खरं होतं, पण सहाच्या तफावतीतला फार तर एक त्याच्या वाट्याचा.

दुसऱ्या पत्रात दोन्ही आकडे, दोन्हींच्या मर्यादा आणि पाण्याखालच्या पाहणीचे फोटो दिले. प्रशासनाने पट्ट्याचा फांद्यांच्या प्रवाळाचा तुकडा बंद ठेवून बाकीचा उघडला. पुढे उष्णता आणखी तीन आठवडे टिकली. बाहेरच्या उतारावर बरंच ब्लीचिंग झालं. आत थोडे फांद्यांचे प्रवाळ मेले, गोलाकार, दगडी जातींचे बहुतेक सावरले. पूर्ण बंद ठेवलं असतं तर मेलेले वाचले असते का, हे या एका हंगामावरून सांगता येत नाही, आणि कोणी सांगू लागलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

एका परिषदेला पाठवलेला सारांश मागे घेतला. 'उपग्रहाला न दिसणारी उष्णता' असं त्याचं शीर्षक होतं.

गाइडांच्या गटाने आमच्याकडून माफीची अपेक्षा केली नाही, कच्च्या नोंदी मागितल्या. आता दर पंधरवड्याला त्यांना रात्रीचं तापमान आणि उपग्रहाचा आकडा एकत्र जातो. बैठकीत प्रश्न विचारणारा तो गाइड फांद्यांच्या प्रवाळाच्या ठरलेल्या वीस वसाहतींचे फोटो काढून पाठवतो.

वेगळं काय करता आलं असतं

अशी चूक करणारे आम्ही पहिले नव्हतो, हे नंतर वाचताना कळलं. त्याने दिलासा मिळाला, पण जुनी उदाहरणं आधी माहीत असती तर बरं झालं असतं. १९४५ च्या सुमारास जगाच्या समुद्राचं तापमान एकदम सुमारे ०.३ अंशाने घसरल्याचं जुन्या नोंदींत दिसतं. महायुद्ध संपताच नोंदींचा मोठा वाटा अमेरिकी जहाजांकडून ब्रिटिश जहाजांकडे गेला. अमेरिकी जहाजं इंजिनात घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजत, ब्रिटिश जहाजं बादलीने काढलेल्या पाण्याचं, आणि बादलीतलं पाणी मोजेपर्यंत थोडं थंड होतं. हे २००८ मध्ये उलगडलं. २००६ मध्ये जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन यांनी समुद्राचा वरचा थर अचानक थंड झाल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच सांगितलं की काही तरंगत्या आर्गो उपकरणांत बिघाड होता आणि जहाजांवरून टाकल्या जाणाऱ्या दुसऱ्या जातीच्या उपकरणांच्या नोंदी मुळात उष्णतेकडे झुकलेल्या होत्या. दोन्हीकडे मोजायची पद्धत किंवा साधन बदललं होतं आणि बदल समुद्रात झाल्यासारखा वाटला होता.

आमच्यापुरतं बोलायचं तर सर्वांत स्वस्त उपाय जुना-नवा लॉगर शेजारी ठेवण्याचा होता. एक बोटफेरी वाचवली. आता नवं उपकरण आलं की निदान एक पूर्ण भांग-उधाणाचं चक्र दोन्ही एकत्र राहतात, उन्हात. नोंदवहीत 'सावली: आहे / नाही' असा रकाना घातलाय आणि पाइप का आहे ते त्याखाली एका ओळीत लिहिलंय. प्रकाश आणि तापमान यांना वेगवेगळे लॉगर आहेत.

गाइडच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलं, तपासलं नाही. पट्टा उघडा राहण्यात त्याचा फायदा आहे, हे आमच्या डोक्यात होतं. आमचा फायदा मोठ्या आकड्यात होता (तो सारांश आठवा), हे नव्हतं. सरावाचं कारण खरं आहे का, हे पाहायला एक दिवस पुरला असता: रात्रीचे आकडे वेगळे काढायचे. पाणी खरोखर इतकं तापलं असतं तर त्याची थोडी ऊब रात्रीही दिसली असती.

उपग्रहाचा ३ इशाऱ्यातून वगळणं ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. गटात यावर अजून एकमत नाही. सहकारी म्हणते, अधिकाऱ्याला दोन आकडे दिले असते तर त्याने सोयीचा उचलला असता. शक्य आहे. पण मग दोन आकड्यांत तिप्पट फरक का आहे, हे त्याने आम्हाला विचारलं असतं.

एक गोष्ट सुटलेली नाही. रात्रीच्या नोंदींनी हिशेब जुळला, पण उथळ पट्ट्यावरचा प्रवाळ दुपारीही जगतो. त्या दहा आठवड्यांत भर दुपारी त्याच्याभोवती खरोखर किती तापलं होतं, ते आता कोणत्याही सूत्राने परत मिळणार नाही. नोंदी आम्ही खोडल्या नाहीत. सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंतच्या प्रत्येक ओळीपुढे 'उघडा लॉगर' असा शेरा मारून त्या तशाच ठेवल्या आहेत.